आईकडचा तुकडा

शातो म्हणजे कडवट पाल्याची आणि खाऱ्या माशांची कोशिंबीर; तिच्या चटणीवरून या घरात दरवर्षी भांडण होतं, आणि ते व्हावं अशीच सगळ्यांची मनातून इच्छा असते. चटणीवरून कडाडून भांडलं की बाकीच्या गोष्टींवरून भांडायला त्राण उरत नाही. पण १९२८ सालच्या कार्निव्हलच्या गुरुवारी साबिना बिलानोवाहून आली, अंगावरची शाल न काढताच स्वयंपाकघरात शिरली, खलातल्या बदामाच्या वाटणात बोट बुडवून चाटलं आणि काहीच बोलली नाही. किटेरियाने मुसळ खाली ठेवलं.

"काय कमी आहे?" तिने नणंदेला विचारलं.

"काही नाही. छान झालीय."

"छान? साबिना, मी या घरात सून म्हणून आल्यापासून तू माझ्या चटणीला छान म्हटलेलं नाहीस. व्हिनेगर जास्त, लसूण कमी, सिट्जेस गावच्यांसारखी गुळमट. आज काय झालंय तुला?"

"फेलिउ आलाय का?"

"वर दिवाणखान्यात बसलाय. आपल्या आन्येसने भाड्याची मोटार करून आणलाय बार्सेलोनाहून. खिडकीबाहेर बघत बसलाय. कॉफी दिली तर 'आभारी आहे' म्हणाला. आपल्याच घरात आभारी!"

"आणि बेन्तुरा?"

"तळघरात पिंपांशी बोलतोय. जेवायला वर येईन म्हणालाय, पण कधीच्या जेवणाला ते नाही सांगितलं."

साबिना स्टुलावर बसली. साठीला आलेली, औषधवाल्याची विधवा, रोज सकाळी चर्चला जाणारी बाई. तिच्या मांडीवर चादरीत बांधलेलं एक चौकोनी गाठोडं होतं. ते तिने खाली ठेवलं नाही. किटेरियाने त्याच्याकडे पाहिलं आणि पुन्हा मुसळ हातात घेतलं, कारण हाताला काही काम असलं की तोंड बंद ठेवणं सोपं जातं.

थोरला भाऊ फेलिउ रोविरोझा आईला पोचवायला आला होता, त्यानंतर या घरात आज पहिल्यांदा पाऊल टाकत होता. मध्ये वीस वर्षं गेली. आमच्या पेनेदेसमध्ये थोरल्याला घर, वेली, तळघर सगळं मिळतं आणि धाकट्यांनी कायद्याने ठरलेला लहानसा वाटा घेऊन आपली वाट धरायची. या घरात उलटं झालं. थोरला पॅरिसला चित्रं काढायला गेला आणि परत यायचं नावच घेईना. तेव्हा म्हाताऱ्या बापाने जीव कडू करून धाकट्या बेन्तुराला वारस केलं. बाप गेला, नोटरी आला, पिंपं मोजली, खेचरं मोजली आणि भिंतीवरचं घरच्यांच्या जेवणाचं मोठं चित्रही मालमत्तेत धरलं. ते चित्र फेलिउने बापाला भेट दिलं होतं. पिंपांच्या शेजारी आपलं चित्र लिहिलेलं पाहून फेलिउचं टाळकं सटकलं. गोणपाट कापायची कात्री घेऊन तो वर गेला आणि "घ्या आपापला वाटा!" म्हणत सगळ्यांदेखत त्याने चित्राचे चार तुकडे केले. बाप आणि बेन्तुरा एका तुकड्यात. साबिना एकटी एकात. मधला तुकडा आईचा, त्यात आई आणि तिच्या खांद्याला टेकलेला शेंडेफळ गायेता. उरलेलं टेबलाचं टोक, खिडकी आणि स्वतःची रिकामी खुर्ची फेलिउ बगलेत मारून घेऊन गेला.

आता कासिनोत, म्हणजे गावच्या क्लबात, ईस्टरला त्याचा सत्कार ठरला होता. हे सगळं बेन्तुरा आणि किटेरियाच्या मुलीने, आन्येसने जमवून आणलं होतं. भाऊ नसल्यामुळे या घराची पुढची मालकीण तीच. पंचविशी ओलांडलेली, बापासारखी हट्टी आणि काकासारखी बोलकी. तिने काकाला विचारलं होतं की प्रदर्शनात काय काय लावायचं, आणि काका म्हणाला होता, "एकच. शातोचं ते जेवण. ते जोडून मिळालं तर येतो, नाहीतर सत्कार दुसऱ्या कुणाचा तरी करा."

*

बेन्तुरा वर आला तेव्हा सगळे टेबलाशी बसले होते. त्याने हात धुतले, टेबलाच्या मुख्य खुर्चीकडे गेला आणि थबकला. फेलिउ तिथे बसला नव्हता. तो खिडकीकडच्या कोपऱ्यातल्या खुर्चीत बसला होता, लहानपणच्या त्याच्या जागेवर. बेन्तुराला वाटलं होतं तो मुद्दाम मुख्य खुर्ची बळकावेल आणि मग आपल्याला चिडायला बरं पडेल. आता चिडायचं कशावरून?

"बारीक झालास," तो म्हणाला.

"तू जाड झालास," फेलिउ म्हणाला.

"वाइन विकून माणूस जाडच होतो. चित्रं विकून काय होतं?"

"टक्कल पडतं."

आन्येस हसली. साबिना हसली नाही, पण तिने पोर्रो उचलून फेलिउकडे सरकवला. चोचीच्या त्या काचेच्या भांड्यातून वाइनची धार थेट तोंडात घ्यायची. फेलिउने ते डोक्यावर धरलं आणि वाइन त्याच्या पांढऱ्या शर्टवर सांडली.

"बार्सेलोनात पेल्यातून पितात वाटतं," किटेरिया म्हणाली.

"किटेरिया, तिथे गिरणीमालकांच्या बायका असतात. त्यांच्यासमोर असं पिऊन बघा तुम्ही."

"माझं चित्र काढणार असाल तर पिते."

कुरळा कडवट पाला, खारवलेला कॉड, अँचोवी, वर ती लालसर चटणी. पाठोपाठ वालाचं, बटाट्याचं, पालकाचं आम्लेट. सगळे जेवत होते आणि कुणीही मुद्द्याचं बोलत नव्हतं. बेन्तुरा वर्षभराच्या पिकाचं बोलला. साबिना नव्या पाद्र्याबद्दल बोलली. फेलिउ स्वतःबद्दल बोलला तेही असं, की जणू एखाद्या ओळखीच्या माणसाची थट्टा करतोय. पॅरिसहून आल्यावर आम्हा लोकांना बार्सेलोनात डोक्यावर घेतलं, म्हणाला. आमचे करडे रंग, आमची गॅसची बत्ती, आमच्या आजारी दिसणाऱ्या बायका. मग गिरणीवाल्यांनी आपापल्या बायका पाठवल्या, त्या आजारी नव्हत्या, त्यांना पंखा आणि शाल हवी होती. "मी काढल्या. हात बसला होता. एक बसली की दुसरीचा पत्ता ती द्यायची. मग नवी पोरं आली, त्यांना सरळ नाकं आणि ग्रीक खांब हवे होते, त्यांनी आम्हाला अडगळ म्हटलं. मी म्हटलं, बरोबर आहे. माझी सगळ्यात जास्त बघितली जाणारी कलाकृती कोणती माहीत आहे का? अॅनिस दारूच्या बाटलीवरची बाई."

"आमच्याकडे आहे ती बाटली," किटेरिया म्हणाली.

"सगळ्यांकडे आहे."

बेन्तुराने काटा खाली ठेवला. भावाने आल्या आल्या मोठेपणा केला असता तर त्याने आपला तुकडा खिळ्यावरून काढलाच नसता. तसं त्याने बायकोला सकाळीच बजावलं होतं. पण हे असं स्वतःला सोलून काढणं त्याला बघवेना. "आण गं आन्येस, तो माझा तुकडा," तो म्हणाला. "बघू तरी जुळतो का."

*

टेबल आवरलं, टेबलक्लॉथ ओढून काढला आणि उघड्या लाकडावर तुकडे ठेवले.

बेन्तुराचा तुकडा चुलीच्या वर टांगलेला होता, त्यामुळे बाप आणि तो दोघेही धुराने काळवंडले होते. फेलिउचा तुकडा जसाच्या तसा होता. खिडकीतून येणारा फेब्रुवारीचा उजेड, टेबलावरचं पांढरं कापड, रिकामी खुर्ची. साबिनाने चादर सोडायला उशीर लावला. सोडली तेव्हा आन्येसच्या तोंडून "आत्या!" असं निघून गेलं.

मूळ चित्रात पंचविशीची साबिना डोकं मागे टाकून पोर्रो उंच धरून पीत होती आणि पिता पिता हसत होती. आता तिच्या वर धरलेल्या हातात पोर्रोच्या ऐवजी लिलीच्या फुलांचा गुच्छ होता. उघड्या तोंडासमोर.

"लग्नानंतर यांना ते आवडेना," साबिना खाली बघत म्हणाली. "दुकानात येणारी माणसं बघतात म्हणायचे. मठातली एक सिस्टर चांगली फुलं काढायची..."

फेलिउ वाकून बघत होता. त्याचे खांदे हलायला लागले. साबिनाला वाटलं तो रडतोय, तिने त्याच्या पाठीवर हात ठेवला, आणि मग कळलं की तो हसतोय. "फुलं खातेय!" तो म्हणाला. "साबिना, तू फुलं खातेयस! सिस्टर छान काढते पण. अगं, निघतील ती. माझ्या रंगावर वार्निश होतं, तिचा रंग वर बसलाय नुसता. बोळ्याने पुसला की जाईल. हसू खालीच आहे तुझं."

साबिनाला काय झालं कुणास ठाऊक. खालीच आहे म्हटल्यावर तिचे डोळे भरून आले. नवऱ्याने ती फुलं वरून रंगवून घेतली तेव्हा ती काही बोलली नव्हती, आणि नंतर पोर्रो हातात घेणंही तिने सोडलं होतं. आज वाटलं, तेव्हा नको म्हणायला हवं होतं. तिथल्या तिथे ती मनाने फेलिउच्या बाजूची झाली. इतकी, की पुढची मागणी तिनेच केली.

"बेन्तुरा, आता मधला काढ."

"कुठला मधला?"

"आईचा. आई आणि गायेता."

बेन्तुराने बहिणीकडे पाहिलं, मग भावाकडे. "तो याच्याकडे आहे."

"माझ्याकडे?" फेलिउ सरळ झाला.

"आईच्या मरणाच्या आठवड्यात तू इथे होतास. तू गेलास आणि आईच्या खोलीतल्या खिळ्यावर फ्रेम नव्हती. मी काय आंधळा होतो?"

"मी रिकाम्या हाताने गेलो, बेन्तुरा! मला वाटलं तू विकलास. मी बार्सेलोनातल्या प्रत्येक दुकानात विचारत फिरलो. प्रत्येक लिलावात जाऊन बसलो. दर वेळी वाटायचं, आता गायेताचा चेहरा वर येईल आणि कुणीतरी बोली लावेल."

"मी विकेन? आईला?"

"तू मला घर दिलं नाहीस..."

"घर बापाने दिलं! तू यायचं नाव घेत नव्हतास! मी सतरा पत्रं पाठवली असती तरी तू..."

"म्हणून तू मला चोर ठरवलंस? वीस वर्षं?"

"आणि तू मला काय ठरवलंस?"

आन्येस मध्ये पडायला गेली तर दोघांनीही एकाच वेळी तिला गप्प केलं. साबिना म्हणाली, "बेन्तुरा, खरं सांग, मलाही तुझाच संशय होता." हे ऐकून बेन्तुराचा चेहरा असा झाला की तिला ते शब्द परत गिळावेसे वाटले.

किटेरिया दाराशी उभी होती. हातात कॉफीचं भांडं होतं, ते तिने जपून कपाटावर ठेवलं.

"तो तुकडा आईंच्या बरोबर आहे," ती म्हणाली.

*

"बरोबर म्हणजे?" बेन्तुराने विचारलं, पण त्याला कळलं होतं.

"बरोबर म्हणजे बरोबर. मीच त्यांना न्हाऊ घातलं, मीच काळा पोशाख घातला. तुम्ही सगळे बाहेर पाद्र्याशी बोलत होता. चौकटीतून काढला, मेणकापडात गुंडाळला, हातांच्या खाली ठेवला आणि वरून शाल ओढली. त्यांनीच सांगून ठेवलं होतं."

"आईने?"

"आईंनी. त्या हिवाळ्यात एकदा मला जवळ बसवलं आणि म्हणाल्या, क्युबात माझ्या पोराला ताप आला, तो गेला, कुठल्या खड्ड्यात टाकलं ते देवाला ठाऊक. त्याच्यावर घरच्या कुणी माती टाकली नाही, कुणी नाव लिहिलं नाही. मी जाईन तेव्हा त्याला माझ्याबरोबर घाल. एवढंच तर उरलंय त्याचं." किटेरियाने नाक ओढलं. "मला शपथ घातली. साबिनाला सांगू नको म्हणाल्या, ती पाद्र्याला विचारेल. मुलांना सांगू नको, ते भांडतील."

"आणि मग? नंतर?" बेन्तुराचा आवाज चिरका झाला. "वीस वर्षं माझ्याशेजारी निजलीस तू! वीस वर्षं मी त्याला शिव्या घालताना ऐकलंस!"

"मला कुणी विचारलं का? तू त्याच्यावर आळ घेतलास, त्याने तुझ्यावर घेतला. किटेरियाला कुणी विचारलंच नाही. किटेरिया चटणी वाटते." मग ती जे बोलली ते तिला स्वतःलाही नवीन असावं. "पहिल्या वर्षी सांगणार होते. पण खरं सांगू का, फेलिउ? तुम्ही पॅरिसहून यायचात, पाहुण्यासारखं बसायचात, आणि हा तुमच्यासमोर नोकरासारखा वागायचा. स्वतःच्या घरात! तुम्ही येईनासे झालात तर मला बरंच वाटलं. मग इतकी वर्षं झाली, की सांगायला तोंडच राहिलं नाही."

फेलिउ खुर्चीत बसला. त्याला राग यायला हवा होता, आणि येत नव्हता. त्याला आठवत होतं ते दुसरंच. १८९५चा फेब्रुवारी, हेच टेबल, आणि एकोणीस वर्षांचा गायेता. त्याला बसून बसून कंटाळा आला, म्हणून तो आईच्या खांद्यावर डोकं टेकून डुलक्या घेऊ लागला आणि आईने त्याला उठवलं नाही. उठवू नको, असंच राहू दे, असं आपण ओरडलो होतो. शरद ऋतूत त्याला सैन्यात भरती करून क्युबाच्या लढाईवर नेलं.

"काका," आन्येस हळूच म्हणाली, "तुम्ही पुन्हा काढाल का तेवढं? मधे नवं कापड लावून..."

"कुणाला बघून?"

"आठवणीतून."

"मी आठवणीतून कधी काढलं नाही गं. जे समोर नाही ते मी काढत नाही. सगळ्या आयुष्यात मी एवढी एकच गोष्ट प्रामाणिकपणे पाळली." तरी त्याने खिशातून कोळशाची कांडी काढली आणि टेबलाच्या लाकडावर, तुकड्यांच्या मधल्या रिकाम्या जागेत, एक गाल काढला. "खळी होती त्याला. उजव्या बाजूला."

"डाव्या," साबिना म्हणाली.

"खळी नव्हतीच," बेन्तुरा म्हणाला. "तो व्रण होता. वेलीच्या खुंटावर पडला होता."

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. एका आईच्या पोटचे तिघे, आणि त्यांच्यात मिळून धाकट्याचा एक चेहरा जमेना. फेलिउने बाहीने कोळसा पुसून टाकला.

"कोनाडा उघडू या," तो म्हणाला.

*

आमच्याकडे माणसं जमिनीत नाही, भिंतीत पुरतात. दफनभूमीत एकावर एक कोनाडे असतात, तोंडावर संगमरवरी फळी, फळीवर घराण्याचं नाव. रोविरोझांचा कोनाडा वरच्या रांगेत आहे.

"वरची रांग," फेलिउ बोलत होता, भरभर, त्याचे डोळे चमकत होते. "वरच्या रांगेत ओल नाही. मेणकापड आहे. कापडावर खाली मी शिशाच्या पांढऱ्या रंगाचा हात दिला होता, तो दगडासारखा होतो. बेन्तुरा, तो तुकडा तिथे ठणठणीत असेल! मागून नवं कापड चिकटवायचं, चारही एकाला एक लावायचे, सांधा दिसणारसुद्धा नाही. मी स्वतः करीन. ईस्टरला अजून वेळ आहे. पाद्र्याची परवानगी..."

"फेलिउ," साबिना म्हणाली.

"तुला काय हवं ते म्हण त्याला. आईसाठी मिस्साची प्रार्थना म्हणू दे. चार म्हणू दे."

"फेलिउ, ती आई आहे. तिच्या हातातून काढून घेणार?"

"मी काढला होता तो! माझ्या हातचा आहे!"

"तूच कापलास," बेन्तुरा म्हणाला. तो ओरडून बोलला नाही. "तूच कात्री चालवलीस आणि तूच तिला तो दिलास. हा तुझा वाटा म्हणालास. तिने आपल्या वाट्याचं काय केलं ते तिचं तिने केलं."

फेलिउने टेबलावर दोन्ही हात पालथे ठेवले. "का कापलं माहीत आहे? सगळ्यांना वाटतं मी नोटरीवर चिडलो. चिडलो होतोच. पण चिडलेला माणूस कापताना थांबतो. मी थांबलो नाही, कारण मला वाटलं, यात काय, अशी आणखी दहा काढीन. चाळीसचा होतो. मला खरंच वाटलं, दहा तरी काढीन. एकसुद्धा काढलं नाही, बेन्तुरा. शाली काढल्या. हे एकच होतं, आणि ते मी गोणपाट कापायच्या कात्रीने कापलं. मला ते एकदा बघू दे. लोकांना नको दाखवू. सत्कार मरू दे. मला एकट्याला, या टेबलावर, एकदा."

साबिना रडत होती. आन्येसला वाटलं आता बाबा हो म्हणतील, आणि तिला कळेना की आपल्याला त्यांनी हो म्हणायला हवं आहे का नाही. बेन्तुराला भावाची इतकी कीव याआधी कधी आली नव्हती. लहानपणापासून त्याला फक्त हेवा करायची सवय होती.

"माझा तुकडा ने," तो म्हणाला. "कायमचा ने. बाप पण ने, मी पण ने. साबिना देईल तिचा."

"दिला," साबिना म्हणाली.

"पण आईला मी उठवणार नाही. गायेताला तेवढीच तर मूठमाती मिळालीय, आणि ती पण चोरून. मी या घराचा धनी आहे तोवर ती फळी निघणार नाही." मग, नकार जरा मऊ करावा म्हणून असेल किंवा घरच्या माणसाशी बोलताना जीभ सैल सुटते म्हणून असेल, तो पुढे बोलून गेला. "तशी ती निघेलच की एक दिवस. आपल्यातलं पुढचं कुणी गेलं की निघेल. जुन्यांची हाडं पिशवीत भरून मागे सारतातच. आईला तेव्हा हलवावंच लागेल. तेव्हा काढून घे."

"कोण गेल्यावर?" आन्येसने विचारलं आणि लगेच जीभ चावली.

"जो पहिला जाईल तो," साबिना डोळे पुसत म्हणाली. "उरलेले दोघे बघतील."

"आणि फेलिउच पहिले गेले तर?" किटेरियाने विचारलं.

"तर आम्ही बघू त्याचं चित्र," बेन्तुरा म्हणाला, आणि तो हसला. साबिनाही नाइलाजाने हसली, किटेरियाने छातीवर क्रूस काढला आणि तीही हसली. भीती वाटली की या घरातली माणसं हसतात. फेलिउसुद्धा हसला. कॉफी आली, गार झालेली, ती सगळ्यांनी प्यायली. किटेरियाला माफ केलं असं कुणी म्हणालं नाही, पण फेलिउने तिच्याकडे दुसरा कप मागितला आणि तिने तो आभाराशिवाय दिला.

*

निघायच्या वेळी अजून चांगला उजेड होता. साबिनाचा तुकडा मोटारीत ठेवून झाला होता. बेन्तुराचा सगळ्यात मोठा, जुन्या जड ओक लाकडाच्या चौकटीतला. तो मीच नेणार, कुणी हात लावायचा नाही, असं बेन्तुराने सांगितलं. माझा बाप आहे त्यात, मी पोचवतो.

फेलिउ जिन्याच्या पायथ्याशी टोपी घालून उभा होता. बेन्तुरा चौकट छातीशी धरून उतरू लागला आणि अर्ध्यावर येऊन थांबला. त्याने चौकट पायरीवर टेकवली. एक हात भिंतीला लावला. तोंड उघडं, कपाळावर घाम, चेहऱ्याचा रंग मेणासारखा झाला होता. श्वास घेताना त्याच्या छातीतून शिट्टीसारखा आवाज येत होता.

फेलिउने धावत वर जायला हवं होतं. तो गेला, पण लगेच नाही. मधे एक क्षण तो नुसता वर बघत राहिला. त्या क्षणात त्याला संगमरवरी फळी निघालेली दिसली. मेणकापड सुटलेलं दिसलं. आईच्या खांद्यावर डोकं टेकलेला गायेता, आणि खळी उजव्या गालावर. चारही तुकडे एकत्र, अखंड, एकही सांधा नाही. त्याला ते इतकं स्पष्ट दिसलं की त्याचे डोळे बारीक झाले, मान किंचित कलली, काढायची वस्तू समोर आली की कलते तशी.

बेन्तुराने ती नजर ओळखली. याच घरात, याच नजरेसमोर तो किती दिवस न हलता बसला होता.

"घाई करू नकोस, फेलिउ," तो म्हणाला. श्वास पुरत नव्हता, तरी आवाजात राग नव्हता. "मी इतक्यात जात नाही."

फेलिउ चार पायऱ्या चढून वर गेला. त्याने भावाच्या बगलेत हात घातला, त्याला पायरीवर बसवलं, स्वतः शेजारी बसला आणि त्याचा गळपट्टा सैल करायला लागला. गाठ सुटत नव्हती. तसं काही माझ्या मनात नव्हतं, असं त्याला म्हणायचं होतं. तो म्हणू शकला नाही.